शोकांतिकेतला नायक नेमका कशाने पडतो?

नाटक शिकवताना एक तक्ता हमखास फळ्यावर येतो. ऑथेल्लो म्हणजे संशय, मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, हॅम्लेट म्हणजे चालढकल, लिअर म्हणजे अहंकार, इडिपस म्हणजे गर्व. प्रत्येक नायकाला एकेक दोष वाटून दिला की शोकांतिका संपली, परीक्षेतले पाच मार्क पक्के. हा तक्ता अगदीच खोटा नाही. पण तो डोक्यात ठेवून नाटक बघायला बसलं की पंचाईत होते. ऑथेल्लो पहिल्या दोन अंकांत कोणावरच संशय घेत नाही, उलट समोरच्याच्या शब्दावर पटकन विश्वास टाकतो. हॅम्लेट पडद्याआड कोण आहे हे न बघताच तलवार खुपसतो आणि भलत्याच माणसाचा जीव घेतो. याला चालढकल म्हणायचं तरी कसं?

या तक्त्याची आणखी एक अडचण आहे. तो नायकाला रोगी करून टाकतो. अमुक दोष नसता तर बिचारा वाचला असता, असा सूर लागतो आणि प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण तो दोष आपल्यात नाही अशी त्याची खात्री असते. शोकांतिका इतकी सोपी असती तर अडीच हजार वर्षं कोणी तिच्या वाटेला गेलं नसतं. नीट वाचलं तर या नाटकांत वेगळंच काहीतरी दिसतं. ज्या गुणाच्या जोरावर नायक मोठा झालेला असतो, तोच गुण नको तिथे, नको त्या वेळी चालवल्यामुळे तो पडतो. म्हणून दोष काढून टाका म्हटलं की नायकही त्याच्याबरोबर जातो.

अ‍ॅरिस्टॉटल काय म्हणाला होता

इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये डायोनायसस देवाच्या वसंतोत्सवात नाटकांची स्पर्धा भरायची. तीन कवी निवडले जायचे. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि वर एक धिंगाण्याचं सॅटर नाटक सादर करायचं. अ‍ॅक्रॉपॉलिसच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, दिवसाउजेडी खेळ व्हायचे. नट सगळे पुरुष, चेहऱ्यावर मुखवटे, आणि सोबत गाणारा-नाचणारा कोरस. ईस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस ही तिथली तीन मोठी नावं. एकट्या सोफोक्लीसने शंभरावर नाटकं लिहिली, त्यातली पूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत पोचली फक्त सात.

अ‍ॅरिस्टॉटल जन्मला इ.स.पू. ३८४ मध्ये, म्हणजे सोफोक्लीस वारल्यावर वीसेक वर्षांनी. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुष्कळदा अ‍ॅरिस्टॉटलने नियम घालून दिले आणि नाटककारांनी ते पाळले, असा समज असतो. खरं तर नाटकं आधी झाली. हा त्यांचा बारकाईने वाचन करणारा रसिक. ‘काव्यशास्त्र’ या छोट्या ग्रंथात तो विचारतो की कोणाचं पतन पाहून आपल्याला कणव येते आणि भीती वाटते? निर्दोष सज्जनाचा नाश झाला तर आपल्याला नुसता धक्का बसतो, संताप येतो. दुष्टाचा नाश झाला तर बरं झालं असं वाटतं. मग उरतो तो मधला माणूस. फार पुण्यवान नाही, दुष्टही नाही, मानमरातब असलेला, आणि एखाद्या मोठ्या चुकीमुळे कोसळलेला. या चुकीला तो हमार्तिया म्हणतो, आणि नायक दुष्टपणामुळे पडत नाही हे त्याच वाक्यात स्पष्ट सांगून टाकतो. पुढे युरोपातल्या नीतिवादी समीक्षेने या चुकीचा स्वभावदोष केला आणि तिथून ती फळ्यावरच्या तक्त्यात आली.

अ‍ॅरिस्टॉटलला सर्वांत जास्त आवडलेलं उदाहरण म्हणजे सोफोक्लीसचा राजा इडिपस. तिथेच जरा थांबू.

तपास थांबवत नाही असा राजा

(हे नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलं आहे.)

थीब्ज नगरीत साथ पसरली आहे. पिकं करपली, जनावरं मरताहेत, बायकांची बाळंतपणं उलटताहेत. लोक राजवाड्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलेत, कारण याच माणसाने, इडिपसने, पूर्वी स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवून नगरीला वाचवलं होतं. परका म्हणून आला, बुद्धीच्या जोरावर राजा झाला, विधवा राणी योकास्टाशी त्याचं लग्न झालं. लोक यायच्या आधीच त्याने मेहुणा क्रेऑनला डेल्फीला देवाचा कौल घ्यायला पाठवलेलं असतं. हा झोपा काढणारा राजा नव्हे.

कौल येतो की जुन्या राजाचा, लायसचा, खुनी अजून नगरीतच आहे, त्याला बाहेर काढा. इडिपस त्या अज्ञात खुन्याला भर सभेत शाप देतो आणि तपास हाती घेतो. पुढचं सगळं नाटक म्हणजे हा तपास. गंमत अशी की ज्यासाठी इडिपसचं नाव जगभर झालं, बापाचा खून आणि आईशी लग्न, ते नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी घडून गेलंय. तेही त्याने टाळायचा जिवापाड प्रयत्न केला असताना. कॉरिंथच्या राजवाड्यात वाढलेल्या या मुलाला देवाने तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील असं सांगितलं, म्हणून तर तो कॉरिंथला परत गेलाच नाही. वाटेत तीन रस्त्यांच्या फाट्यावर एका रथातल्या म्हाताऱ्याने त्याला रस्त्यावरून हुसकलं, डोक्यात टोचणीचा दांडा हाणला, आणि याने रागाच्या भरात त्याला आणि त्याच्या माणसांना मारून टाकलं. त्यातला एक पळून वाचला.

आता याचा दोष कोणता? राग म्हणावा तर आधी हात समोरच्याने उचलला होता. गर्व म्हणावा तर थोडा आहेच. आंधळा ज्योतिषी टायरेसियस ‘खुनी तूच’ म्हणतो तेव्हा इडिपस त्याच्या आंधळेपणावर घसरतो, क्रेऑनवर कटाचा आरोप करतो. त्या दोन प्रवेशांत तो चांगला दिसत नाही. पण तिथे नम्रपणे वागला असता तरी निकाल बदलला नसता. खून झालेला होता, लग्न झालेलं होतं, मुलं झालेली होती.

नाटकातली खरी कलाटणी पुढे आहे. कॉरिंथहून एक निरोप्या आनंदाची बातमी घेऊन येतो. राजा पॉलिबस म्हातारपणाने गेला, तुम्हालाच गादीवर बसवणार आहेत. इडिपसला हायसं वाटतं. बाप तर नैसर्गिक मरणाने गेला, म्हणजे देववाणी खोटी! पण आई अजून जिवंत आहे, ती भीती उरलीच. तेव्हा निरोप्या त्याची भीती घालवायला म्हणून सांगतो की अरे, ती तुझी आई नव्हेच. सिथिरॉन डोंगरावर एका मेंढपाळाने पाय टोचलेलं तान्हं मूल माझ्या हातात दिलं होतं, तो तू.

त्या क्षणी योकास्टाला सगळं कळतं, की हा आपलाच टाकून दिलेला मुलगा, आणि फाट्यावर मेलेला म्हातारा म्हणजे लायस, याचा बाप. इडिपसला कळायला अजून पुढचा प्रवेश लागतो. ती त्याला कळवळून विनवते, तुला जिवाची पर्वा असेल तर देवासाठी हा शोध थांबव. आणि एवढा हुशार माणूस अर्थ काय लावतो? मी कुणा दासीच्या पोटचा निघालो तर हिची मान खाली जाईल, म्हणून ही घाबरते आहे. ती आत निघून जाते, पुन्हा दिसत नाही.

मग तो म्हातारा मेंढपाळ आणला जातो, आणि फाट्यावरून पळून वाचलेला माणूसही हाच असतो. तो बोलायला तयार नाही. त्याचे हात पिरगळायची धमकी द्यावी लागते. शेवटी तो म्हणतो की भयंकर ते बोलायच्या टोकावर मी येऊन ठेपलोय. इडिपस उत्तर देतो, आणि मी ऐकायच्या टोकावर, पण ऐकायलाच हवं.

सगळं नाटक या एका उत्तरात आलं. इथे थांबायची मुभा होती. योकास्टा थांब म्हणाली, मेंढपाळ थांबा म्हणाला, त्याआधी टायरेसियसही म्हणाला होता की मला घरी जाऊ द्या. इडिपस थांबला असता तर कदाचित राजा राहिला असता, पण मग तो स्फिंक्सपुढे उभा राहिलेला इडिपस उरला नसता. कोडं सोडवल्याशिवाय चैन न पडणं हा त्याचा सर्वांत मोठा गुण. त्यानेच त्याला गादीवर बसवलं, त्यानेच खाली ओढलं. योकास्टा गळफास घेते, आणि तो तिच्याच वस्त्राच्या टाचण्यांनी स्वतःचे डोळे फोडतो. अथेन्सच्या परीक्षकांनी मात्र त्या वर्षी पहिलं बक्षीस फिलोक्लीस नावाच्या कवीला दिलं, असं जुनी टिपणं सांगतात. त्याचं एकही नाटक आज धड शिल्लक नाही.

क्रेऑन आणि कामांचा क्रम

सोफोक्लीसच्याच ‘अँटिगनी’मध्ये, म्हणजे इ.स.पू. ४४१च्या आसपासच्या नाटकात, हाच क्रेऑन राजा झालेला आहे. इडिपसचे दोन मुलगे एकमेकांना मारून मेलेत. नगरीवर चाल करून आलेल्या भावाचं प्रेत पुरायचं नाही, असा क्रेऑनचा हुकूम. बहीण अँटिगनी त्यावर माती टाकते. राजाचा कायदा मोठा की रक्ताच्या माणसाचे अंत्यसंस्कार मोठे, हा झगडा. दोघांच्याही बाजूला काहीतरी न्याय आहे, आणि दोघंही तसूभर हलायला तयार नाहीत.

क्रेऑनचा मुलगा हेमन हा अँटिगनीचा वाग्दत्त वर. तो बापाची समजूत घालताना म्हणतो, पुराच्या काठची जी झाडं वाकतात त्यांच्या फांद्या वाचतात, ताठ राहतात ती मुळासकट जातात. मराठी वाचकाला इथे ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती’ आठवल्याशिवाय राहत नाही. दोघांमध्ये दोन हजार वर्षं आणि एक समुद्र आहे. पूर मात्र सगळीकडे सारखाच वागतो.

मला या नाटकात सर्वांत जास्त खटकणारी, आणि म्हणूनच आवडणारी जागा शेवटाजवळ आहे. टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर क्रेऑन अखेर वाकतो. काय करू, असं कोरसला विचारतो. कोरस सांगतो की आधी गुहेत कोंडलेल्या मुलीला सोडव, मग प्रेताची व्यवस्था कर. क्रेऑन निघतो, पण करतो उलट. आधी प्रेताजवळ जातो, ते धुतो, अग्नी देतो, वर मातीचा ढिगारा रचतो, सगळं यथासांग. मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमन बापावर तलवार उगारतो, ती चुकते, मग ती स्वतःच्याच पोटात खुपसतो. ते ऐकून राणीही जीव देते. शिस्त आणि काटेकोरपणा हे क्रेऑनचे गुण. चूक दुरुस्त करतानासुद्धा ते त्याला सोडत नाहीत.

एका रात्रीचा निवाडा

आता दोन हजार वर्षं पुढे. शेक्सपिअरचा ऑथेल्लो १६०४ मध्ये लंडनच्या राजदरबारात झाल्याची नोंद आहे. मराठीशी या नाटकाचं नातं जुनं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये त्याचं भाषांतर केलं, आणि गोविंद बल्लाळ देवलांचा ‘झुंझारराव’ १८९०चा.

ऑथेल्लोचं गाईडमधलं उत्तर ‘मत्सर’. पण दुसऱ्या अंकातला सायप्रसमधला रात्रीचा दंगा आठवा. सेनापती ऑथेल्लो झोपेतून उठून येतो. कोण भांडलं, कोणी सुरुवात केली, एवढंच विचारतो. त्याच्या हाताखालचा इयागो आढेवेढे घेत, जणू नाइलाजाने, नायब कॅसिओचं नाव पुढे करतो. दुसरं कोणी साक्ष देत नाही, कॅसिओच्या तोंडून शब्द फुटत नाही. ऑथेल्लो तिथल्या तिथे त्याला पदावरून काढतो. प्रेक्षक मान डोलावतात, काय करारी सेनापती आहे! युद्धाच्या छावणीत हेच हवं. अर्ध्या रात्री पंचनामे करत बसलेला सेनापती फार दिवस टिकत नाही.

तिसऱ्या अंकात नेमकं हेच पुन्हा घडतं, फक्त आरोपी बदलतो. या वेळी आरोप बायकोवर, डेस्डेमोनावर, कॅसिओशी संबंध असल्याचा. तोच इयागो, तेच आढेवेढे, तोच एकुलता एक साक्षीदार. आधी ऑथेल्लो म्हणतो की मी डोळ्यांनी पाहीन तेव्हाच शंका घेईन, शंका आली तर पुरावा मागेन. आणि त्याच प्रवेशाच्या शेवटी तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो. पुरावा काय, तर एक रुमाल. लढाईत ज्या झटपट निर्णयाने त्याने नाव कमावलं, तोच निर्णय तो बायकोच्या बाबतीत घेतो. शिवाय तो व्हेनिसमध्ये उपरा आहे, आणि इयागो त्यावर बरोबर बोट ठेवतो. आमच्याकडच्या बायका मला ठाऊक आहेत, तुम्हाला नाही, असं सुचवतो. एवढ्यावर ऑथेल्लो गप्प होतो. हा भाग तक्त्यात कधीच येत नाही. नायकाची चूक त्याच्या एकट्याच्या मनात जन्मत नाही. भोवतालच्या समाजाने आधीच करून ठेवलेल्या फटीत ती रुजते.

समीक्षक जुना खेळ खेळतात, नायकांची अदलाबदल करण्याचा. ऑथेल्लोला डेन्मार्कला पाठवा, बापाचं भूत भेटल्यावर काका दुसऱ्या दिवशीचा सूर्य पाहणार नाही. हॅम्लेटला सायप्रसला पाठवा, तो इयागोला उलटसुलट विचारून हैराण करेल आणि डेस्डेमोना सुखरूप राहील. खेळ वाटला तरी त्यातून एक गोष्ट चांगली समजते. विचारी असणं वाईट नाही, झटपट असणंही वाईट नाही. नाटककार इतकंच करतो, की माणसाला नेमक्या त्याच्या गुणाला न झेपणाऱ्या प्रसंगात उभं करतो.

लिअरबद्दल थोडक्यात. ऐंशी ओलांडलेला राजा, राज्य वाटताना मुलींना विचारतो की कोणाचं माझ्यावर किती प्रेम आहे. दोघी गोड बोलतात, धाकटी कॉर्डेलिया खोटं बोलायला नकार देते आणि घालवली जाते. यात नुसता अहंकार बघू नये. आयुष्यभर त्याने शब्द टाकला की वस्तू हजर झाली, तर प्रेमही तसंच हजर होईल अशी त्याची समजूत आहे. आणि कॉर्डेलियाचा ताठ खरेपणा हाही त्या दुर्दैवात भागीदार आहे, हे म्हटलं की काही वाचक चिडतात. या नाटकाचा शेवट लोकांना इतका असह्य झाला की १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या कवीने तो बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवलं, तिचं लग्नही लावून दिलं. इंग्रजी रंगभूमीवर जवळपास दीडशे वर्षं हीच गोड आवृत्ती चालली. सॅम्युएल जॉन्सनसारखा दांडगा समीक्षक तर लिहून गेला की कॉर्डेलियाच्या मरणाने मला इतका धक्का बसला की नाटकाचे शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायची हिंमत संपादन करायची वेळ येईपर्यंत झाली नाही.

समजून उमजून

इथवर जे म्हटलं त्याला मॅकबेथ बसत नाही, हे कबूल करायला हवं. त्याला आपण काय करतोय हे आधीच माहीत असतं. डंकन माझा नातलग, माझा राजा, शिवाय माझ्या घरचा पाहुणा, दार लावायचं सोडून मीच सुरी कशी उचलू, असं तो स्वतःशी स्पष्ट बोलतो. आणि तरी उचलतो. खुनानंतर तो रक्ताळलेले खंजीर खोलीत ठेवायचे विसरून हातातच घेऊन येतो, आणि त्याला एकाच गोष्टीचा घोर लागलेला असतो. शेजारच्या खोलीतली माणसं झोपेत देवाचं नाव घेत होती, तेव्हा ‘आमेन’ माझ्या घशातच का अडकलं? बायको म्हणते, इतका विचार करू नकोस. वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिताना हेच नाटक घेतलं.

युरिपिडीसची मिडिया, इ.स.पू. ४३१ची, त्याच्याही पुढची. नवऱ्याने टाकलेली, परक्या देशात अडकलेली ही बाई सूड म्हणून स्वतःच्या मुलांना मारते, आणि त्याआधी म्हणते की मी काय पाप करायला निघालेय ते मला कळतं, पण माझा संताप माझ्या विचारांहून जबर आहे. दुर्योधनाच्या तोंडी घातला जाणारा ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’ हा श्लोक याच जातीचा. अ‍ॅरिस्टॉटलची अजाणतेपणी घडलेली चूक इथे लागू पडत नाही. सगळ्या शोकांतिकांना एकच किल्ली लावायचा हट्ट करू नये, तो याचसाठी.

किल्ली एक नसली तरी काही धागे मात्र पुन्हापुन्हा येतात. ज्ञान उशिरा येणं हा त्यातला सर्वांत चिवट धागा. क्रेऑनला कळतं तेव्हा गुहेत उशीर झालेला असतो. लिअरमध्ये कॉर्डेलियाला मारण्याचा हुकूम मागे घेतला जातो, तोवर फास आवळलेला असतो. डोळे आणि दृष्टी यांची उलटापालट हा दुसरा. आंधळ्या टायरेसियसला दिसतं, डोळस इडिपसला दिसत नाही. लिअरमधल्या ग्लॉस्टर या उमरावाचे डोळे काढले गेल्यावर तो म्हणतो की दिसत होतं तेव्हाच मी ठेचकाळलो. इशारा देणारा माणूस आणि त्याचं न ऐकणं, हेही ठरलेलंच. आणि जवळजवळ सगळं अनर्थकारण घरात घडतं. ग्रीकांनी मोजकीच काही घराणी घेऊन तीच तीच नाटकं लिहिली, कारण शत्रूने मारलं तर त्यात नाट्य फारसं नाही, भावाने किंवा लेकाने मारलं तर आहे, असं खुद्द अ‍ॅरिस्टॉटलनेच नोंदवलंय. नायकाच्या शेजारी एक समंजस माणूसही बहुधा असतो. अँटिगनीची बहीण इस्मेने, हॅम्लेटचा होरेशिओ. त्यांचं म्हणणं बरोबर असतं आणि ते जिवंत राहतात. नाटकाला मात्र त्यांचं नाव मिळत नाही.

आपल्याकडे

संस्कृत नाटकाची परंपरा सुखान्ताची. मरण रंगमंचावर दाखवू नये, शेवट मंगल व्हावा, हा संकेत. त्यामुळे शोकांतिका हा प्रकार मराठीत मुख्यतः एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वाटेने आला. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ नावाने हॅम्लेट १८८३ मध्ये मराठीत आणला आणि गणपतराव जोश्यांनी तो गाजवला. तरी अपवाद होते. भासाच्या नावावरची नाटकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रिवेंद्रमला गणपतिशास्त्र्यांनी उजेडात आणली. त्यातल्या ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो. ‘कर्णभार’ तर आपल्या विषयाचं चोख उदाहरण आहे. ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो, कर्ण त्याला गाई, घोडे, हत्ती, सोनं देऊ करतो, तो सगळं नाकारतो. शेवटी कर्ण स्वतःच कवचकुंडलांचं नाव काढतो. शल्य ‘देऊ नकोस’ म्हणून अडवतो. कर्ण देऊन टाकतो. इथे दुर्गुण शोधून दाखवा! दानशूरपणा हीच त्याची ओळख, आणि इंद्र तिथेच हात घालतो.

आणि मग राम गणेश गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले, नाटक त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं, सिंधू बालगंधर्वांची. या नाटकावर दारूबंदीच्या प्रचाराचा शिक्का इतका घट्ट बसलाय की सुधाकरकडे कोणी नीट बघतच नाही. शाळेतल्या उत्तरात त्याचा दोष ‘व्यसन’. पण सुधाकर आधी प्यायचा का? नाही. तो बुद्धिमान, कर्तबगार, तेजस्वी वकील आहे आणि भयंकर मानी आहे. गरिबीतून वर आलेल्या माणसाचा तो मान आहे, त्याच्या जोरावरच तो वर आला. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, हा माघार घेत नाही, सनद काही काळासाठी जाते. अपमानाची आग झोपू देत नाही, आणि तेव्हा तळीराम घटकाभर विसर पडावा म्हणून पहिला पेला पुढे करतो. दारू नंतर आली, मान आधी दुखावला होता.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सिंधू लोकांची दळणं दळते, मूल जातं, मरता मरताही ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, सुधाकर विष घेतो. पण मधला एक भाग प्रयोगात बऱ्याचदा घाईने उरकला जातो. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. काम मागायला ओळखीच्यांकडे जातो. जे कालपर्यंत त्याच्या बुद्धीला सलाम करत होते ते त्याला दारूबाज म्हणून हाकलतात, हिणवतात. दुसरा एखादा माणूस ते गिळून पुढच्या दारी गेला असता. सुधाकरला मुन्सफाचा एक अपमान गिळता आला नव्हता, त्याला हे कुठून जमणार? तो पुन्हा पेल्याकडे वळतो तो तलफ आली म्हणून नव्हे, तर अपमान सोसवत नाही म्हणून. तळीराम तर तोवर त्याच्या आयुष्यातून बाजूलाही झालेला असतो. पहिल्या वेळी पेला भरून द्यायला तळीराम लागला होता, दुसऱ्या वेळी सुधाकर स्वतःच भरून घेतो.